ठिपक्यांवरून ताणाचा माग

अमेरिकेत हंट्सव्हिल इथं, नासाच्या मार्शल अंतराळ केंद्रात, डिसेंबर 2013 मध्ये एक भलीमोठी टाकी मुद्दाम चेपण्यात आली. स्पेस शटलच्या इंधनटाकीसाठी बनवलेल्या आणि न वापरता पडून राहिलेल्या भागांतून ती उभी केली होती. धातू ॲल्युमिनियम-लिथियमचा, व्यास 27.5 फूट, उंची 20 फूट. वरून भार वाढवत वाढवत 10 लाख पौंडांच्या, म्हणजे साधारण साडेचार लाख किलोंच्या जवळ नेला आणि टाकीची भिंत पोचे पडून बसली. त्याआधी ती अंगभर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांनी रंगवली होती. ठिपके 70,000 होते. भोवतालचे वेगवान कॅमेरे त्यांच्यावरच रोखलेले होते आणि ठिपक्यांच्या हालचालीवरून भिंत कुठं किती वाकली, ताणली, दबली हे मोजलं जात होतं.

रॉकेटचं बहुतेक अंग म्हणजे पातळ पत्र्याचं नळकांडं. अशा नळकांड्यावर उभा भार दिला तर ते कितीला चेमटेल, याचं गणित कागदावर छान सुटतं. प्रत्यक्षात मात्र ते त्याच्या बरंच आधी दगा देतं, कारण भिंतीच्या गोलाईत किंचित दोष असला तरी तिथूनच पोचा पडायला सुरुवात होते. नासानं 1960च्या दशकात यासाठी सुरक्षेचे गुणक ठरवून दिले होते. ते जुन्या चाचण्यांवर बेतलेले होते आणि पुढची कित्येक दशकं अभियंते तेच वापरत राहिले. गुणक गरजेपेक्षा सावध असला की भिंत उगाच जाड होते आणि रॉकेट उपग्रहाऐवजी स्वतःचंच वजन उचलत बसतं. गुणक बदलायचा तर पहिला पोचा नेमका कुठं पडतो आणि कसा पसरतो, हे डोळ्यांसमोर घडताना पाहायला हवं होतं. ते पाहण्याचं तंत्र म्हणजे डिजिटल इमेज कोरिलेशन. प्रयोगशाळांमध्ये त्याला नुसतं ‘डीआयसी’ म्हणतात.

आधी मोजायचं काय ते पाहू. कोणतीही वस्तू ओढली की लांबते. मूळ लांबीच्या मानानं ती किती लांबली, हा झाला स्ट्रेन. घराच्या स्लॅबमध्ये पडणाऱ्या ‘एफई 500’ सळईचा 10 सेंटिमीटरचा तुकडा घेतला, तर पोलाद कायमचं वाकडं होण्याच्या उंबरठ्यापर्यंत तो जेमतेम पाव मिलिमीटर लांबतो. साध्या सौम्य पोलादात हा आकडा त्याच्याही निम्मा. तेवढं लांबून भार काढला तर तुकडा पुन्हा होता तसा होतो, त्यापुढे गेला तर होत नाही. पूल, क्रेन, विमानाचा पंख, बॉयलरची भिंत यांची सुरक्षितता इतक्या बारीक फरकांवर उभी असते.

हे मोजण्याचं विश्वासू साधन 1938च्या सुमारास मिळालं. कॅलिफोर्नियात एडवर्ड सिमन्स आणि मॅसॅच्युसेट्समध्ये आर्थर रूज या दोघांना, एकमेकांची खबर नसताना, एकच कल्पना सुचली. बारीक तार वस्तूला घट्ट चिकटवायची. वस्तू ताणली की तारही ताणते, तिचा विद्युतरोध बदलतो आणि त्या बदलावरून स्ट्रेन कळतो. रूज तेव्हा भूकंपात पाण्याच्या टाक्यांचं काय होतं याचा अभ्यास करत होते. त्यांच्या या स्ट्रेन गेजवर आजही वजनकाट्यापासून धरणापर्यंत असंख्य गोष्टी अवलंबून आहेत आणि अचूकतेत तो अजून कुणाला हार जात नाही.

पण गेज जिथं चिकटवला तिथलंच सांगतो. त्याच्या बोटभर बाजूला काय चाललंय याचा त्याला पत्ता नसतो. म्हणजे तो कुठं लावायचा हे आधीच ठाऊक असायला हवं, आणि वस्तू तर पुष्कळदा कुणाच्या ध्यानीमनी नसलेल्या जागीच तुटते. शंभर गेज लावले तरी शंभरच जागा कळणार, शिवाय तेवढ्या तारा सांभाळायच्या. ही अडचण पिढ्यानपिढ्या होती.

ती सोडवण्याची दिशा साउथ कॅरोलायना विद्यापीठातून आली. तिथल्या पीटर्स आणि रॅन्सन यांनी 1982 मध्ये कॅमेऱ्यानं टिपलेल्या प्रतिमांची संगणकावर तुलना करून विस्थापन मोजण्याची रीत मांडली. पुढच्याच वर्षापासून मायकेल सटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सुधारायला घेतली. एक प्रतिमा संगणकात साठवणं हेच तेव्हा मोठं काम होतं. कल्पना काळाच्या पुढची होती. तिला पेलणारे कॅमेरे आणि संगणक यायला पुढची वीस वर्षं जावी लागली.

कल्पना समजायला अवघड नाही. नमुन्यावर आधी पांढरा रंग द्यायचा आणि त्यावर काळ्या रंगाचा बारीक शिडकावा करायचा. भार देण्याआधी एक फोटो काढायचा, मग भार वाढत असताना फोटो काढत राहायचे. पहिल्या फोटोत संगणक एक छोटा चौकोन निवडतो, समजा 21 पिक्सेल रुंद आणि तेवढाच उंच. त्यात 441 पिक्सेल आले. प्रत्येकाला काळ्या-पांढऱ्याच्या छटेचा एक आकडा असतो, 0 ते 255 मधला. हे 441 आकडे म्हणजे त्या चौकोनाची ओळख. पुढच्या फोटोत ही ओळख सर्वांत चांगली कुठं जुळते ते शोधायचं. चौकोन नुसता सरकलेला नसतो; तो लांबलेला, तिरपा झालेला, फिरलेलाही असू शकतो, म्हणून जुळणी करताना त्या शक्यताही धराव्या लागतात. असे हजारो चौकोन तपासले की वस्तूच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक भाग कुठून कुठं गेला याचा नकाशा हाती येतो. शेजारशेजारच्या दोन जागा सारख्याच सरकल्या असतील तर नमुना फक्त हलला. कमीजास्त सरकल्या असतील तर त्यांच्यामधला भाग ताणला किंवा दबला.

ठिपके वेडेवाकडे असायला हवेत, ही यातली पहिली अट. ठिपक्यांच्या रांगोळीसारखी समान अंतरावरची मांडणी इथं कुचकामी ठरते, कारण तिथं प्रत्येक ठिपका शेजारच्यासारखाच दिसतो आणि संगणक एका जागेला दुसरी समजून बसतो. ठिपक्यांचा आकार साधारण 3 ते 5 पिक्सेल असावा लागतो. त्याहून बारीक असले तर कॅमेऱ्याला त्यांची कड धड दिसत नाही. फार मोठे असले तर एका चौकोनात पुरेशी ओळख उरत नाही.

या तंत्रातली सगळ्यात सुंदर करामत पिक्सेलच्या आत दडलेली आहे. 2448 पिक्सेल रुंदीच्या कॅमेऱ्यात 10 सेंटिमीटर रुंद भाग मावला, तर एक पिक्सेल म्हणजे 0.04 मिलिमीटर. एवढ्यावर भागत नाही, कारण पोलादाचा स्ट्रेन मोजायला याहून खूप बारीक नजर लागते. पण काळा ठिपका पिक्सेलच्या दहाव्या हिश्शानं जरी सरकला, तरी त्याच्या कडेवरच्या पिक्सेलची छटा थोडी बदलते. पूर्वी 120 होती, आता 133 झाली. चौकोनातल्या शेकडो पिक्सेलमधले असे लहान लहान बदल एकत्र धरले आणि छटांच्या मधल्या किमती गणितानं भरून काढल्या, की चांगल्या परिस्थितीत पिक्सेलच्या शंभराव्या भागापर्यंत विस्थापन कळतं. वरच्या उदाहरणात ते झालं 0.0004 मिलिमीटर. माणसाचा केस याच्या शेकडो पट जाड असतो. साध्या औद्योगिक कॅमेऱ्यातून, वस्तूला स्पर्श न करता, एवढं बारीक मोजता येतं ही खरोखर विलक्षण गोष्ट आहे.

याच जातीचं गणित जवळजवळ प्रत्येक कार्यालयात हाताखाली असतं. ऑप्टिकल माऊसच्या पोटात इवलासा कॅमेरा असतो. तो टेबलाच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारो फोटो काढतो, एकाची दुसऱ्याशी जुळणी करतो आणि हात किती सरकला ते ठरवतो. गुळगुळीत काचेवर साधा माऊस अडतो तो यामुळेच. तिथं ओळख पटवायला काही खूणच नसते.

आता पोलादाची एक साधी चाचणी जवळून पाहू. सौम्य पोलादाची पट्टी यूटीएमच्या, म्हणजे नमुना ओढून पाहणाऱ्या चाचणीयंत्राच्या जबड्यात दोन्ही टोकांना धरलेली आहे. यंत्र ओढायला लागतं, भाराची रेषा सरळ वर चढते, मग किंचित खाली येऊन जवळजवळ आडवी होते. आडव्या रेषेच्या त्या टप्प्यात पट्टी सावकाश, सगळीकडे सारखी लांबत असेल, असं फक्त आलेख पाहणाऱ्याला वाटेल. डीआयसीचा रंगीत नकाशा काही वेगळंच दाखवतो. एका जबड्याजवळ अचानक एक तिरपा पट्टा उमटतो. त्या पट्ट्याच्या आत पोलाद एकदम एक-दोन टक्के ताणलेलं असतं, बाहेरचं पोलाद जवळजवळ जसंच्या तसं असतं. मग पट्ट्याची सीमा पुढे सरकू लागते आणि पट्टीच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाते. सगळी पट्टी व्यापून झाली की मगच भार पुन्हा चढतो. एकोणिसाव्या शतकात ज्यांच्या निरीक्षणातून हे पट्टे ओळखले गेले त्या ल्यूडर्स यांच्या नावानं ते ओळखले जातात. पूर्वी ते पॉलिश केलेल्या धातूवर अंधुक दिसत; आता त्यांचा वेगही मोजता येतो आणि आतला स्ट्रेनही.

हा केवळ पुस्तकी विषय नाही. मोटारीचं दार किंवा बॉनेट प्रेसमध्ये घडवताना असे पट्टे उमटले तर पत्र्यावर ओरखडल्यासारख्या लाटा राहतात आणि रंगाखालीही त्या लपत नाहीत. म्हणून पोलाद कारखान्यात पत्रा शेवटी रुळांतून हलका दाबून काढतात, किंवा पट्टे पडणारच नाहीत असं खास पोलाद वापरतात. पत्रा फाटण्याआधी किती ताण सोसेल याच्या मर्यादा काढण्यासाठी 1960च्या दशकापासून पत्र्यावर छोटी वर्तुळं कोरत. पत्रा घडवून झाला की वर्तुळांच्या झालेल्या लंबगोलांची मापं घ्यायची. या पद्धतीत शेवट कळे, पण तिथपर्यंतचा प्रवास कळत नसे. कॅमेऱ्यानं तो प्रवास क्षणाक्षणानं दाखवला.

त्याच पट्टीची चाचणी तुटेपर्यंत चालू ठेवली तर आणखी एक गोष्ट दिसते. शेवटी पट्टी एका जागी बारीक होऊ लागते, तिला मान पडते. सबंध लांबीवर सरासरी काढली तर 25 टक्के लांबली असं म्हणता येईल, पण मानेपाशी ताण त्याच्या कितीतरी पट असतो आणि दूरच्या भागात तो वाढायचा केव्हाच थांबलेला असतो. सरासरी आकडा खरा असूनही तो कुठल्याच जागेचं खरं वर्णन करत नाही. वस्तू तुटते ती सर्वांत जास्त ताणलेल्या जागी. ती जागा शोधणं हाच डीआयसीचा खरा उपयोग, आणि म्हणूनच सोय किंवा वेग यांपेक्षा वेगळ्या कारणानं हे तंत्र महत्त्वाचं आहे.

काँक्रीटच्या बाबतीत हे विशेष कामी येतं. भारतीय मानक 456 प्रमाणे सर्वसाधारण बांधकामात तडा 0.3 मिलिमीटरपेक्षा रुंद नसावा. तुळईवर भार देताना नुसत्या डोळ्यांना तडा दिसतो तोवर तो बराच पुढे गेलेला असतो. ठिपक्यांच्या नकाशात तो त्याच्या कितीतरी आधी, मिलिमीटरच्या काही शतांशांचा असतानाच ओळखू येतो. तो कुठून निघणार हे कुणी आधी सांगावं लागत नाही. 1999 मध्ये हीच रीत वस्तूच्या आत, त्रिमितीत नेली गेली. हाडाच्या आतल्या जाळीदार भागाचे भाराआधीचे आणि भाराखालचे सीटी स्कॅन जुळवून आतला स्ट्रेन मोजला गेला. तिथं रंग लावायचीही गरज नव्हती. हाडाची जाळीच ओळखीला पुरेशी होती.

कॅमेरा एकच असला तर एक फसवणूक होते. नमुना कॅमेऱ्यापासून एक मीटर अंतरावर आहे आणि चाचणीत तो नकळत एक मिलिमीटर पुढे आला, असं समजा. प्रतिमा हजारात एक भागानं मोठी दिसते, आणि संगणकाला वाटतं पोलाद तेवढं ताणलं. सौम्य पोलाद कायमचं वाकायला लागतं तो स्ट्रेन जवळपास एवढाच! म्हणजे न घडलेला ताण घडल्यासारखा नोंदला जाऊ शकतो. त्यावर उपाय दोन कॅमेऱ्यांचा. दोन कोनांतून पाहिलं की खोलीही कळते आणि पुढे-मागे झालेली हालचाल वेगळी काढता येते. साउथ कॅरोलायनाच्याच गटानं 1993 मध्ये ही रीत मांडली, आणि त्यानंतर वाकड्या, गोल, फुगणाऱ्या वस्तूंना हे तंत्र लागू झालं.

त्याचा एक उपयोग भारतीयांच्या मनाला लागलेल्या दुर्घटनेनंतर झाला. 1 फेब्रुवारी 2003 रोजी कोलंबिया हे स्पेस शटल यान परतीच्या वाटेवर फुटलं आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. उड्डाणानंतर दीड मिनिटाच्या आतच बाहेरच्या टाकीचा पाऊण किलोच्या आसपासचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखाच्या कडेवर आदळला होता. हलका फोम कार्बनच्या कठीण पॅनेलला काय करणार, असं अनेकांना वाटत होतं. 7 जुलै 2003 रोजी टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत तेवढ्याच वजनाचा तुकडा ताशी सुमारे 850 किलोमीटर वेगानं खऱ्या पॅनेलवर सोडला, तर साधारण 40 सेंटिमीटरचं भोक पडलं. त्यानंतर क्लीव्हलंडच्या ग्लेन संशोधन केंद्रात अशा आघातांच्या कितीतरी चाचण्या झाल्या. पॅनेलवर ठिपके होते, समोर अतिवेगवान कॅमेऱ्यांची जोडी होती आणि आघाताच्या क्षणी पॅनेल किती, कसं वाकतं याचे नकाशे संगणकीय भाकितांशी ताडून पाहिले गेले. भाकीत आणि प्रत्यक्ष यांची अशी पूर्ण पृष्ठभागावर गाठ घालणं गेजनं शक्यच नव्हतं. आघात पॅनेलच्या कोणत्या बिंदूवर सगळ्यात जास्त वाकवणार हे कोण आधी सांगणार? स्पेस शटल पुन्हा झेपावलं ते 26 जुलै 2005 रोजी.

प्रत्यक्ष काम करणाऱ्याची कसोटी मात्र रंगापाशीच लागते. रंग चकाकणारा असला तर दिव्याचं प्रतिबिंब ठिपक्यांवर पसरतं, म्हणून मॅट रंग हवा. थर जाड झाला तर ताण रंगाचा मोजला जातो, धातूचा नाही. रंग देऊन फार दिवस गेले तर तो कडक होतो आणि मोठ्या ताणात तडकून सोलतो. तापवलेल्या धातूची चाचणी असेल तर धातू स्वतःच लाल प्रकाश देऊ लागतो. मग निळा दिवा लावून कॅमेऱ्यापुढे निळाच प्रकाश जाऊ देणारी काच लावतात. गरम हवेच्या थरथरीनं ठिपके हलल्यासारखे दिसतात, तेव्हा पंख्यानं हवा खेळती ठेवावी लागते. चाचणीआधी, कुठलाही भार न देता, दोन फोटो काढून त्यांची तुलना करण्याची शिस्त चांगल्या प्रयोगशाळा पाळतात. तिथं उत्तर शून्य यायला हवं. जेवढं शून्यापासून दूर येईल, तेवढ्याहून बारीक काही मोजल्याचा दावा करायचा नाही. रंगीत नकाशा इतका देखणा असतो की ही शिस्त सुटायला वेळ लागत नाही.

खर्चाची भिंतही आता पूर्वीइतकी उंच नाही. तयार यंत्रणा महाग असल्या तरी जॉर्जिया टेकमधून आलेलं ‘एनकॉर’ आणि अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेचं ‘डाइस’ ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात. एक बरा कॅमेरा, घट्ट तिवई, स्थिर दिवा आणि स्प्रे पेंटचे दोन डबे असले तर अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना रबराच्या पट्टीवर किंवा छिद्र पाडलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर हा प्रयोग करता येतो. छिद्राच्या कडेला ताण किती एकवटतो हे पुस्तकातल्या सूत्रापेक्षा एका नकाशात जास्त लवकर मनात उतरतं.

हेच गणित प्रयोगशाळेबाहेर, डोंगरांनाही लागू पडलं. 1992 मध्ये कॅलिफोर्नियात लँडर्स इथं मोठा भूकंप झाला. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या उपग्रह प्रतिमा जुळवून जमीन प्रस्तरभंगाच्या दोन्ही बाजूंना किती मीटर सरकली ते काढता आलं. त्या प्रतिमांत एक पिक्सेल 10 मीटरचा होता, तरी पिक्सेलच्या आतली करामत तिथंही चालली. ओढे, खडक, झुडपं, खाचखळगे यांची नैसर्गिक नक्षीच तिथं ओळखीला पुरली.

उत्तराखंडात 7 फेब्रुवारी 2021 रोजी रोंटी शिखराजवळून सुमारे 2.7 कोटी घनमीटर खडक आणि बर्फ कोसळला. ऋषिगंगा आणि धौलीगंगा खोऱ्यांत आलेल्या लोंढ्यानं दोनशेहून अधिक माणसं मृत किंवा बेपत्ता झाली. संशोधकांनी नंतर 2015 पासूनच्या उपग्रह प्रतिमा क्रमानं जुळवून पाहिल्या, तेव्हा कळलं की कोसळलेला तो प्रचंड भाग आधीच्या पाच वर्षांत 10 मीटरहून जास्त सरकलेला होता. त्यातही 2017 आणि 2018च्या उन्हाळ्यांत तो विशेष वेगानं सरकला होता. पुरावा प्रतिमांमध्ये होता. त्या उतारावर नजर ठेवायला हवी हे मात्र आधी कुणाला वाटलेलं नव्हतं.

महाराष्ट्रात 30 जुलै 2014च्या पहाटे माळीण आणि 19 जुलै 2023च्या रात्री इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. तिथंही हे तंत्र आधी इशारा देऊ शकलं असतं का, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर सरळ ‘हो’ असं देता येत नाही. रोंटीचा खडक वर्षानुवर्षं सरकत होता. सह्याद्रीच्या उतारांवरची माती मुसळधार पावसात भिजून काही क्षणांत सुटू शकते. शिवाय धोका असतो त्या महिन्यांत आकाश ढगांनी भरलेलं, आणि हिरवाई इतक्या झपाट्यानं बदलते की मेमधली प्रतिमा जुलैच्या प्रतिमेशी जुळत नाही. 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेला नासा आणि इस्रोचा ‘निसार’ उपग्रह यातल्या काही अडचणी कमी करतो. त्याच्या रडारला ढग आडवे येत नाहीत, सुमारे 24 सेंटिमीटरची त्याची लांब लहर झाडीतून बऱ्यापैकी आत जाते आणि तीच जागा तो दर 12 दिवसांनी पुन्हा पाहतो. महिनोन्‌महिने हळूहळू सरकणारे उतार, रुंदावत जाणाऱ्या भेगा, खचत चाललेली घाटरस्त्यांची कड असं काही त्याच्या प्रतिमांतून आधी कळू शकेल. दोन फेऱ्यांच्या मधल्या एका पावसाळी रात्रीत सुटणाऱ्या मातीसाठी मात्र गावोगावची पर्जन्यमापकं, उताराचं जमिनीवरून केलेलं सर्वेक्षण आणि वाडीतल्या माणसांना वेळेत हलवण्याची तयारी यांचीच गरज राहणार आहे.